भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, गास, निर्मळ, आगाशी या बाजूला ज्यांच्या वाड्या आहेत त्यांच्या पंपाच्या खोलीत एखादा बंद पडलेला चेनसॉ हटकून सापडतो. कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. कधीतरी वादळात झाड आडवं झालं म्हणून घाईघाईत घेतलेला, काही पावसाळे चाललेला, आणि मग एक दिवस दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू न झालेला. वर पोतं टाकलेलं, पोत्यावर धूळ. घरातली साफसफाई निघाली की कुणीतरी म्हणतं, द्या तो भंगारवाल्याला, लोखंडाच्या भावात जाईल.

देऊ नका. निदान एकदा उघडून तरी बघा. बंद पडलेली बहुतेक यंत्रं मेलेली नसतात. त्यांच्या पोटातलं रबर कडक झालेलं असतं, पेट्रोल शिळं झालेलं असतं, फिल्टर चोंदलेला असतो. हे सगळं घरी, पडवीत बसून, थोड्या हत्यारांत नीट करता येतं. मात्र जुनं यंत्र सुरू होणं वेगळं आणि ते हातात धरून काम करण्याजोगं होणं वेगळं. पहिल्यावर आपली माणसं खूश होऊन थांबतात. अपघात होतात ते त्यानंतर.

आधी एक शंका दूर करतो, कारण ती कुणीतरी काढणारच. ज्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसाच्या पुढाकाराने हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तिथे झाडं कापायची यंत्रं दुरुस्त करा म्हणून सांगायचं? हो, सांगायचं. कापायचं झाड आणि पडलेलं झाड यांत फरक आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकलं तेव्हा इथे झाडं पडली, विजेचे खांब पडले, वाड्यांतल्या केळी झोपल्या. अशा वेळी अग्निशमन दलाची गाडी प्रत्येक गल्लीत लगेच पोचेल अशी अपेक्षा धरता येत नाही. रस्त्यावर आडवा पडलेला सुरूचा बुंधा बाजूला करायला गावात एक चालू यंत्र आणि ते चालवता येणारा एक माणूस लागतो. उभं झाड कापायचं तर महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या वाडीतलं असलं तरी. हद्दीबाहेरच्या गावांत १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर अशी आपल्या रोजच्या ओळखीची झाडं आहेत. खाडीकाठच्या खारफुटीला तर हातच लावायचा नाही. एवढं पक्कं ठरलं की मग पाना हातात घ्या.

घरात कुठल्या जातीचं यंत्र आहे ते आधी ओळखा. आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाजारात आलेली ५२ आणि ५८ सीसीची चिनी यंत्रं. नावं पन्नास, रंग दहा, पण आतला सांगाडा जवळपास एकच. मूळ जपानी झेनोआच्या यंत्रावरून उतरवलेला. लोक यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. त्यांचा कुठलाही भाग स्वस्तात मिळतो आणि शिकायला याहून चांगलं यंत्र नाही. दुसरा प्रकार म्हणजे जुनी भारी जर्मन किंवा स्वीडिश यंत्रं. लाकडाच्या वखारीतून आलेलं स्टिलचं ०७० हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध, १०६ सीसीचं, नुसतं उचलतानाच कंबर विचार करायला लावणारं. आंद्रियास स्टिल यांनी १९२६ साली श्टुटगार्टला धंदा सुरू केला आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारं झाड कापायचं आपलं पहिलं यंत्र बाजारात आणलं. त्या घराण्याचं हे ०७०. असं यंत्र कुणाच्या पडवीत असेल तर ते भंगारात घालणं हा खरोखर गुन्हा आहे.

आता तपासणी. टू-स्ट्रोक इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन आणि दाब. याच क्रमाने बघा, उगाच आधी कार्बोरेटर खोलू नका.

प्लग काढा, परत त्याच्या वायरच्या टोपीत बसवा आणि प्लगचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवून दोरी ओढा. सावलीत बघितलं तर निळी ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना प्लगच्या भोकापासून प्लग लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून बघा, मग चालू-बंदच्या बटणाची वायर कुठे अंगाला टेकते आहे का ते बघा. त्यानंतर कॉइल. फ्लायव्हीलवरचं चुंबक आणि कॉइल यांच्यात ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट लागते. त्यासाठी महागडं गेज लागत नाही. लग्नाच्या हॉलवाल्याचं नाही तर इस्टेट एजंटचं एखादं व्हिजिटिंग कार्ड मध्ये घाला, कॉइल त्यावर टेकवा, स्क्रू आवळा, कार्ड ओढून घ्या. वसई-विरारमध्ये इस्टेट एजंटच्या कार्डांना तोटा नाही. जुन्या भारी यंत्रांत पॉइंट असतात. ते ज्याला कळतात असा माणूस शोधा, म्हणजे ज्याने उमेदीत चेतक आणि लॅम्ब्रेटा उघडल्या असा जुना स्कूटर मिस्त्री. ही माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे आता कुणी फारसं जात नाही, आणि टू-स्ट्रोकचं ज्ञान त्यांच्याबरोबर चाललं आहे. त्यांच्याशेजारी एक दुपार बसा.

दाब बघायची एक सोपी युक्ती आहे. यंत्र दोरीच्या मुठीला धरून उचला आणि स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. झटके देत, अडत अडत खाली आलं तर दाब बरा आहे. बादली सोडल्यासारखं सरळ खाली आलं तर रिंग किंवा पिस्टन गेलं. मग सायलेन्सर काढा. दोन-तीन नटांचं काम. भोकातून पिस्टन सरळ दिसतो. त्याच्या अंगावर उभे ओरखडे असतील तर कारण तिथेच लिहिलेलं असतं: सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे म्हणजे ऑइलशिवायचं पेट्रोल घातलं किंवा कुठून तरी जास्त हवा शिरत होती, कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे म्हणजे फिल्टरमधून धूळ आत गेली. कारण न शोधता नवा पिस्टन घातला तर तोही तसाच जाणार. सिलिंडरच्या आतल्या चकचकीत लेपावर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल तर ते हळूहळू काढता येतं, पण लेपच उडाला असेल तर सिलिंडर गेला असं समजा. सायलेन्सरमधला काजळीचा थर बांबूच्या चिपाटीने खरवडा, पेचकस घालू नका.

सगळ्यांत जास्त यंत्रं अडतात ती इंधनापाशी, आणि इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण काळ बदलला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. खरं-खोटं घरी बघायचं असेल तर एका अरुंद पारदर्शक बाटलीत थोडं पाणी घाला, पाण्याच्या पातळीला पेनाने खूण करा, वर पेट्रोल ओता, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. काही वेळाने खालचा पाण्याचा थर खुणेच्या वर चढलेला दिसतो. जितका चढला तितकं इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. आपल्या यंत्राच्या टाकीत पावसाळाभर नेमकं हेच होतं, फक्त पाणी कुणी ओतत नाही, ते वसईच्या हवेतून येतं. आता पुढची गोष्ट बघा. आपण पेट्रोलमध्ये जे टू-टी ऑइल मिसळतो ते वरच्या पेट्रोलच्या थरातच राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी लोंबकळत असतो. म्हणजे चार महिन्यांनी दोरी ओढली की इंजिनाच्या तोंडी आधी लागतो तो बिनऑइलचा, पाणचट थर. यंत्र सुरू झालं नाही तर नशीब समजा. सुरू होऊन जोरात पळालं तर पिस्टन जातो.

त्यात जुन्या यंत्रांचं रबर इथेनॉलच्या आधीच्या काळातलं. पेट्रोलची नळी चिकट होते किंवा हात लावला की तुटते. ती बदला, टायगॉनची पिवळसर पारदर्शक नळी मिळते, ती टिकते. मग कार्बोरेटर. चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा फ्लोट नसतो, कारण हे यंत्र आडवं-उलटं कसंही धरावं लागतं. फ्लोटचं काम एक पातळ पडदा करतो, डायफ्रॅम. बहुतेक लहान कार्बोरेटरांच्या एका बाजूला चार स्क्रूंचं झाकण असतं आणि दुसऱ्या बाजूला एका स्क्रूचं. चार स्क्रूंचं उघडलं की हा पडदा दिसतो. बोटाने दाबा. मऊ, लुळा लागला तर ठीक. पापडासारखा कडकडला तर तिथेच तुमचं दुखणं सापडलं. खाली एक चिमुकली तरफ, तिच्याखाली तिच्याहून चिमुकली स्प्रिंग असते. हे सगळं पांढरा कपडा पसरलेल्या परातीतच उघडा, कारण ती स्प्रिंग उडाली की पुन्हा दिसत नाही. एका स्क्रूच्या झाकणाखाली नखाएवढी जाळी असते, ती बघायला बहुतेक जण विसरतात आणि कित्येकदा नुसती तीच चोंदलेली असते. भोकांत तार घालू नका, भोक मोठं झालं की कार्बोरेटर कायमचा बिघडला. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. कार्बोरेटरच्या अंगावर वॉलब्रो किंवा झामा असं नाव आणि एक नंबर कोरलेला असतो. तो नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरचं किट मागा. बहुतेक किटं चारपाचशे रुपयांच्या आत येतात. स्थानिक दुकानात नाही मिळालं तर मशीद बंदरजवळचा नागदेवी स्ट्रीट आहेच, दादरला गाडी बदलून जा, जुना भाग सोबत न्या, फोनवरच्या फोटोवर विसंबू नका.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं यावर गावोगाव भांडणं आहेत. भांडू नका, यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं घाला. एकास पन्नास म्हणजे लिटरला २० मिलि, एकास पंचवीस म्हणजे ४० मिलि. चिनी यंत्रांच्या पुस्तकांत बहुधा दुसरं प्रमाण असतं. पुस्तक हरवलं असेल तर ४० मिलि घाला. थोडा धूर जास्त होईल, प्लग लवकर काळा होईल, पण पिस्टन वाचेल. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजू नका, औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा. मोटरसायकलचं इंजिन ऑइल चालत नाही. आणि मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा. काम झालं की टाकी ओता, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. हे एक केलंत तरी निम्मी दुरुस्ती टळते.

घरात काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, हे ओळखणं ही पण कारागिरीच. क्रँकची बेअरिंग आणि ऑइल सील गेले असतील तर इंजिनाचे दोन अर्धे वेगळे करावे लागतात. हातोडीने ठोकून हे होत नाही, झालं तर परत जुळत नाही. आपण सुदैवी आहोत की वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत लेथवाले, प्रेसवाले, वेल्डर सगळे दाटीवाटीने बसलेले आहेत. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, ५८ सीसीच्या यंत्रांत बहुधा ६२०२. तोच नंबर बेअरिंगच्या दुकानात सांगा, पण सी-थ्री म्हणून मागा आणि आतला पिंजरा प्लॅस्टिकचा नको म्हणा. सील घेताना तीन मापं सांगा, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आटे झिजलेलं भोक असेल तर तिथे हेलिकॉइल बसवून घ्या, मोठा बोल्ट ठोकून घालू नका.

इथे एक धोक्याची सूचना, जी त्या गाळ्यातल्या मुलालाही सांगा. चांगल्या चेनसॉचं अंग ॲल्युमिनियमसारखं दिसतं, पण ते बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. त्याचा बारीक भुगा पेट घेतो आणि पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. म्हणून त्यावर ग्राइंडर फिरवायचा नाही, वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही, आणि घासलेला भुगा झाडून कोरड्या वाळूत टाकायचा. हेच मॅग्नेशियम आपल्या खाऱ्या वाऱ्याला फार लवकर बळी पडतं. अर्नाळा, राजोडी, कळंब या बाजूला राहणाऱ्यांनी यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये उघडं ठेवू नये. पुसून, हलकं ऑइलचं फडकं फिरवून, झाकणाच्या पेटीत ठेवा. रंग द्यायचा असेल तर सगळ्यात शेवटी. मोबाइलवर गंजलेल्या यंत्राचा नवाकोरा अवतार दाखवणारे व्हिडिओ मलाही बघायला आवडतात, पण त्यातले बरेचसे रंगाचे असतात, दुरुस्तीचे नाही.

इंजिन सुरू झालं की लोक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. जोरात किंचाळणारं यंत्र त्यांना ताकदवान वाटतं. खरं उलट आहे. रिकामं पळताना आवाजात थोडी जाड घरघर हवी, लाकडात घातल्यावर ती साफ व्हावी. सारखी बारीक किंकाळी म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि पिस्टन तापतोय. मंद चालीवर चेन अजिबात फिरता कामा नये. यंत्र डावी-उजवीकडे कलवलं की चाल आपोआप वाढते-घटते असं झालं तर कुठून तरी हवा शिरते आहे, सील बघा. आणि हे सगळं उघड्यावर. बंद खोलीत टू-स्ट्रोक चालवला तर धुराने माणूस गुदमरतो. विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर पेट्रोल घरात आणूच नये. कानस, प्लग, कार्बोरेटर एवढं गॅलरीत करा, बाकी गावच्या वाडीत. शेजाऱ्यांनाही कान असतात.

आता चेन. माझ्या मते खरं कसब इथे आहे, आणि इंजिनावर हजारो रुपये घालणारी माणसं इथे वीस मिनिटं घालत नाहीत. १९४६ साली अमेरिकेत ऑरेगॉनला जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका भुंग्याची जाडी अळी ओंडका पोखरताना पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत होती, लाकडाचे तंतू सरळ जावोत की आडवे. त्यावरून त्याने चेनचा दात घडवला, आणि आजही आपण वापरतो तो दात त्याच घाटाचा आहे, एक डावा, एक उजवा.

दात बोथट झालाय हे कसं ओळखायचं? खाली पडतंय ते बघा. कपच्या पडत असतील तर दाताला धार आहे. पीठ पडत असेल तर थांबा. पीठ पडत असताना जोर लावून कापत राहिलं की चेन ज्या पात्यावरून फिरते तो बार तापतो, क्लच जळतो, इंजिन तापतं, आणि माणूस दमून चूक करतो. आपल्याकडे धार लवकर जाते याला कारणं आहेत. नारळाच्या खोडाची बाहेरची बाजू टणक आणि त्यात सिलिका असते, आतला गाभा मऊ, तंतू लांब. ते क्लचच्या झाकणात गुंडाळून बसतात. सुरूचं लाकूड मुळातच भयंकर कठीण, त्यात किनाऱ्यावरच्या सुरूच्या सालीत वाळू अडकलेली असते. आणि वाडीतल्या कुठल्या झाडात आजोबांनी दिवा टांगायला खिळा ठोकला होता हे आता कुणालाच माहीत नसतं. सालीवर जुनी फुगवटी किंवा काळा डाग दिसला तर तिथे कापू नका.

कानस गोल, आणि दाताच्या मापाची. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटर, लहान यंत्रांच्या बुटक्या ३/८ चेनला ४ मिलिमीटर, ०७० सारख्याच्या .४०४ ला ५.५. बार व्हाइसमध्ये धरा, चेन ताणा. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची, परत येताना उचलायची. दाताच्या पाठीवर तिरकी रेघ कोरलेली असते, तिच्याशी समांतर, साधारण ३० अंश. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. आधी सगळ्यांत आखूड झालेला दात शोधा, बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणा. डावे-उजवे सारखे नसतील तर काप एका बाजूला वळत जातो. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो, तो दात किती खोल जाईल ते ठरवतो. तो दाताच्या टोकाहून साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तीन-चार वेळा धार लावली की सपाट कानशीने एक-दोन हात. "भराभर कापेल" म्हणून हा खुंट जास्त घासणारे महाभाग आहेत. त्याने यंत्र लाकूड कापत नाही, लाकडाला पकडतं, आणि उसळून माणसाच्या तोंडाशी येतं. रस्त्यावरच्या दगडी चाकावर चेन देऊ नका. दाताचं टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं.

बारही मधूनमधून उलटा करून लावा, खोबणीतला भुसा खरवडा, कडेला आलेली बारीक धार सपाट कानशीने काढा. चेनला ऑइल पोचतंय का हे बघायला बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रावर वीतभर अंतरावर धरून यंत्र पळवा. कागदावर ऑइलच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. हे ऑइल परत टाकीत येत नाही, सगळं लाकडावर आणि जमिनीवर पडतं. म्हणूनच गॅरेजमधलं जळकं ऑइल त्यात घालू नका. फुकट मिळतं म्हणून सर्रास घालतात. त्यात धातूचे कण असतात, ते पंप खातात. आणि ते काळं ऑइल उतरतं कुठे? तुमच्याच केळीच्या बुंध्याशी, पानवेलीच्या वाफ्यात, शेजारच्या बावखलात. नवं साधं ऑइल आणा, ते काही फार महाग नाही.

यंत्र सुरू झालं, धार लागली. आता ते वापरण्याजोगं आहे का? चेन ब्रेक बघा. यंत्र उसळलं की पुढचा आडवा दांडा मनगटाने पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते, तो हा ब्रेक. सत्तरच्या दशकात तो यंत्रांवर यायला लागला, म्हणजे त्याआधीच्या घडणीच्या यंत्रांना तो नसतो. ज्यांना आहे त्यांचा ब्रेक भुशाने, गंजाने अडकलेला असतो, किंवा "मध्ये येतो" म्हणून कुणीतरी काढून टाकलेला असतो. झाकण उघडा, पट्टा स्वच्छ करा, झिजला असेल तर बदला, आणि रोज वापरण्याआधी चालू यंत्रावर ढकलून बघा. चेन तुटली तर अडवणारा खालचा छोटा आकडा, मुठीवर तळहाताने दाबून धरायची कडी, पुढच्या-मागच्या मुठींमधली रबरं, हे सगळं जागेवर हवं. रबरं गेली तर कंप थेट हातात येतो. वर्षानुवर्षं असं काम केलेल्यांची बोटं बधिर आणि पांढरी पडतात. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही, उसळी तिथूनच येते.

ब्रेक नसलेलं ०७० असेल तर दुरुस्त करा, पुसा, सुरू करा, मुलांना त्याचा आवाज ऐकवा. झाडाला लावू नका. त्यात कमीपणा नाही.

अंगावर काय घालायचं हे सांगायला नको, पण सांगतो, कारण लुंगी आणि स्लिपरवर चेनसॉ चालवणारे दिसतात. बूट, जाड विजार, चष्मा, कानाला मफ. पेट्रोलचं यंत्र घेऊन नारळावर चढायचं नाही, कितीही सराईत पाडेकरी असला तरी. वादळात पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो, एका जागी कापलं की बुंधा मुळासकट परत उभा राहू शकतो. अशा झाडाखाली नवख्याने जाऊच नये. आणि झाडात वीजवाहिनी गुंतली असेल तर महावितरणच्या माणसाने लाइन बंद केल्याचं तोंडाने सांगेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

आपल्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, वादळं त्याच्या थोडं आधी येतात. म्हणून हे काम एप्रिलमध्ये काढा. आळीत कुणाकडे व्हाइस असेल, कुणाकडे पान्यांचा संच, कुणाचा भाऊ वालीवला लेथवर असेल. एकत्र बसा, प्रत्येक यंत्र एकाने उघडायचं, दुसऱ्याने बघायचं. कॉलेजातल्या मुलांना बाजूला बसवा, त्यांना इंजिन चित्रातच माहीत असतं. मुली मागे राहिल्या तर त्यांनाही बोलवा, कानस चालवायला दंड लागत नाही, हात स्थिर लागतो. आणि दुरुस्त झालेल्या यंत्राचा ब्रेक चालत नसेल, तर ते कुणालाही उसनं देऊ नका, सख्ख्या भावाने मागितलं तरी.